हिशेब बरोबर, पाणी हिरवे : घरच्या तलावातल्या द्रव क्लोरीनचे एक प्रकरण

अलिबाग तालुक्यातल्या एका बंगल्याच्या परसात ९ मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद असा पोहण्याचा तलाव आहे. मालकीणबाई ठाण्याला राहतात आणि शनिवार-रविवारी येतात. एरवी तलावाकडे बघतात ते तिथले रखवालदार काका. मे महिन्यातल्या एका गुरुवारी पाणी हिरवट दिसू लागले. शुक्रवारी सकाळी मला फोन आला, "क्लोरीन टाकतोय, टाकतोय, पण क्लोरीन मोजायचं कीट शून्यच दाखवतंय." शनिवारी घरात बारसे होते आणि पाहुण्यांची मुले पोहायचे कपडे घेऊनच निघणार होती. गाव आणि माणसे यांची ओळख इथे देत नाही, आकडे मात्र तलावाच्या काठावर बसून टिपलेले आहेत.

हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले, कारण यात आळस किंवा निष्काळजीपणा कोणाचाच नव्हता. उलट दीड महिन्यापूर्वीच घरातल्या एकाने मात्रेचा हिशेब नीट दुरुस्त केला होता, आणि पाणी बिघडायला लागले ते त्या दुरुस्तीनंतर.

दारावरचा तक्ता

पंपाच्या खोलीच्या दारावर तलाव बांधणाऱ्या ठेकेदाराने चिकटवलेला तक्ता होता. रोज १ लिटर, शेवाळ दिसल्यास १० लिटर, एवढेच त्यात लिहिलेले. काका न्हाणीतला मग वापरत. तो काठोकाठ भरला की लिटरभर होतो, हे नंतर मापून पाहिले.

तक्त्यामागचे गणित उलटे सोडवले तर कळते की ठेकेदाराने तलावात ६०,००० लिटर पाणी आणि कॅनमध्ये १२ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजेच द्रव क्लोरीन, धरले होते. १ पीपीएम म्हणजे एका लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम. म्हणजे ६०,००० लिटरमध्ये २ पीपीएम वाढवायला १२० ग्रॅम क्लोरीन हवे. १२ टक्के म्हणजे दर १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम असे धरले, तर तेवढे क्लोरीन बरोबर एका लिटरात येते. गणितात खोट नाही. खोट होती ती गृहीत धरलेल्या आकड्यांत.

गुढीपाडव्याला आलेल्या जावयांनी, ते स्वतः अभियंते आहेत, यातला पहिला आकडा पकडला. ठेकेदाराने सगळ्या तलावाची खोली दीड मीटर धरली होती, म्हणजे खोल टोकाची, तीही काठापासून मोजलेली. जावयांनी बांबूवर खुणा करून पाण्याची खरी खोली मोजली. उथळ टोकाला ०.८५ मीटर, खोल टोकाला १.३५, मधला उतार सरळ. सरासरी १.१ मीटर. पायऱ्यांची जागा वजा केल्यावर पाणी भरले ४४,००० लिटर. त्यांनी नवा तक्ता लावला. रोज ७३० मिलिलिटर, शेवाळासाठी ७.३ लिटर. न्हाणीतला मग बाद झाला, खुणा असलेला मापाचा जग आला. एवढ्या नेटकेपणाने घरचा तलाव मोजणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

पाडव्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच पायऱ्यांच्या कोपऱ्यात बुळबुळीत लागू लागले. मेच्या मध्यावर तळ दिसेनासा झाला.

शुक्रवारची सकाळ

मी पोचलो तेव्हा पाणी हिरवे राहिलेले नव्हते, दुधाळ झाले होते. शेवाळ मेले की पाणी असे दिसते. म्हणजे क्लोरीनने काम केले होते. मग कीट शून्य का दाखवत होते?

घटनाक्रम विचारला. गुरुवारी संध्याकाळी दुकानातून नवा कॅन आणून त्यातले ७.३ लिटर ओतले. शुक्रवारी पहाटे मालकीणबाईंनी डीपीडी गोळ्यांच्या, म्हणजे क्लोरीन असले की पाणी गुलाबी करणाऱ्या गोळ्यांच्या, नव्या कीटने तपासले. नळीतले पाणी पांढरे स्वच्छ, गुलाबी छटाही नाही. तक्त्याची मात्रा पुरली नाही असे समजून त्यांनी काकांना दुप्पट टाकायला सांगितले. आणखी १४.६ लिटर गेले. पुन्हा तपासले, पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा ओतायच्या आधी त्यांनी फोन केला, हे बरे झाले.

मी त्याच कीटची गोळी त्याच नळीत टाकायला सांगितली, पण नजर नळीवरून हलवायची नाही या अटीवर. गोळी पडताक्षणी गुलाबी रंगाची एक लकेर उमटली आणि लगेच नाहीशी झाली. डीपीडीची ही जुनी खोड आहे. क्लोरीन बेताचे असेल तर रंग टिकतो. ते साधारण १० पीपीएमच्या वर गेले की क्लोरीन त्या रंगालाच विरंजित करू लागते, आणि बरेच जास्त असेल तर नळी कोऱ्या पाण्यासारखी दिसते. क्लोरीन अजिबात नाही आणि क्लोरीन भयंकर आहे, या दोन्ही गोष्टी कीट एकाच रंगात सांगते. कीटच्या माहितीपत्रकात हे असते, पण बारीक अक्षरात.

उपाय सोपा आहे. नमुना पातळ करायचा. गाडीच्या बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी घरात होते. तलावाचे पाणी १ भाग आणि ते पाणी ९ भाग असे मिसळून गोळी टाकली. नळी भडक गुलाबी झाली, रंगपट्टीवर ३ आणि ४ यांच्या मध्ये. १० ने गुणले की साधारण ३५. माझ्याकडच्या थेंब मोजायच्या कीटने खात्री करून घेतली. त्यात १० मिलिलिटर नमुन्याला दर थेंब अर्धा पीपीएम धरतात. रंग जायला ७० थेंब लागले. ज्या पाण्यात १ ते ३ पीपीएम हवे, त्यात ३५ होते.

काकांनी हे सकाळीच सांगितले होते. पूर्वी ते ग्रामपंचायतीत जलसुरक्षक होते, विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची आणि नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकून पिवळा रंग बघायचा हे त्यांचे रोजचे काम. ओटीची एक बाटली त्यांनी अजून जपून ठेवली आहे. पहाटे त्यांनी तलावाच्या पाण्यात थेंब टाकले तर पाणी पिवळे न होता गडद नारिंगी झाले. "मॅडम, क्लोरीन लय आहे," असे ते म्हणालेही. पण बाटली जुनी, कीट नवे आणि महागाचे, त्यामुळे त्यांचे म्हणणे बाजूला पडले. ओटीचा रंग जास्त क्लोरीनने असा उडत नाही, उलट गडद होत जातो. त्या चाचणीत दोष आहेतच. मोकळे क्लोरीन किती आणि घामा-लघवीतल्या नत्राशी बांधले गेलेले किती, हे ती वेगळे सांगत नाही. तिच्यातले ऑर्थोटोलिडिन हे रसायनही आरोग्याला चांगले नाही, म्हणून तिची जागा डीपीडीने घेतली. पण त्या सकाळी विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर देणारी चाचणी तीच होती.

३५ पीपीएमचे पाणी खाली कसे आणायचे? क्लोरीन मारणारे रसायन मिळते, पण मी ते नको म्हटले. त्याची मात्राही पुन्हा अंदाजानेच पडली असती, आणि ते जास्त झाले तर पुढचे काही दिवस टाकलेले क्लोरीन तेच खाऊन टाकते. मेचे ऊन फुकट होते. पंप चालू ठेवला, ताडपत्री काढून ठेवली, तलावाला दोरी लावली. संध्याकाळी १२ पीपीएम राहिले, शनिवारी दुपारी ४. मेलेले शेवाळ तळाशी बसले होते, ते काकांनी व्हॅक्यूमने काढले. बारशाच्या संध्याकाळी मुले पोहली. पण क्लोरीन इतक्या झपाट्याने उतरले, ही आनंदाची बातमी नव्हती. त्याकडे नंतर येतो.

कॅनमध्ये खरेच किती असते?

मूळ प्रश्न शिल्लक होता. हिशेब दुरुस्त झाल्यावर शेवाळ का आले?

वाहतुकीचा खर्च वाचावा म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला ३५ लिटरचे चार कॅन एकदम आणले होते. महिन्याला एक असा हिशेब. ठेवले होते पंपाच्या खोलीत, पत्र्याच्या छपराखाली, तापणाऱ्या मोटारीच्या शेजारी. चौथा कॅन उघडला मेमध्ये. कॅनवर १२ टक्के असे छापलेले होते. भरल्याची तारीख कुठेच नव्हती. दुधाच्या पिशवीवर तारीख नसेल तर आपण ती घेत नाही. आणि हा माल तर उन्हाळ्यात दुधासारखाच नासतो, फक्त सावकाश आणि वास न सोडता.

सोडियम हायपोक्लोराइट आपले आपण विघटित होत राहते. त्यातून क्लोरेट आणि साधे मीठ तयार होते, थोडा ऑक्सिजन सुटतो. तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग तिपटीहून जास्त वाढतो. द्रावण जितके तीव्र तितके ते लवकर खचते. तीव्रता अर्धी केली तर खचण्याचा वेग निम्मा नाही, चौथाईच्या आसपास येतो. लोखंड, तांबे, निकेल यांचा अंशही पडला तरी विघटन वाढते. गंजलेला पत्रा आणि कॅनमध्ये बुडवलेला लोखंडी नळ दोन्ही नडतात.

कॅनची ताकद घरच्या घरी मोजता येते, आणि या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखी हीच एक चाचणी आहे असे मला वाटते. स्वच्छ बादलीत आरओचे १० लिटर पाणी वजनावर मोजून घेतले. १० किलो भरले की १० लिटर. त्या पाण्यात आधी क्लोरीन नाही याची खात्री केली. मग औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने कॅनमधला बरोबर १ मिलिलिटर त्यात टाकला आणि ढवळले. कॅन खरोखर १० टक्के असेल तर १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम क्लोरीन असते, आणि १० लिटरमध्ये ते पसरले की १० पीपीएम होते. म्हणजे बादलीतले जेवढे पीपीएम, तेवढेच कॅनचे टक्के. साध्या डीपीडी कीटने हे मोजायचे तर बादलीतले १ भाग पाणी ४ भाग शुद्ध पाण्यात मिसळून मोजायचे आणि ५ ने गुणायचे, नाहीतर पुन्हा रंग उडण्याच्या वेशीवर जाऊन पोचतो. बादली आणि सिरिंज यांची चूक धरून आकडा दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होईल. इथे त्याने बिघडत नाही.

गुरुवारी आणलेला नवा कॅन भरला १०. मेमध्ये उघडलेला फेब्रुवारीचा कॅन भरला ५.

आता मागे जाऊन मात्रा मोजू. ठेकेदाराच्या तक्त्याप्रमाणे ताज्या कॅनमधला १ लिटर म्हणजे १०० ग्रॅम. ४४,००० लिटरमध्ये ते २.३ पीपीएम होते, आणि तक्त्याला हवे होते २. जवळजवळ बरोबर! पाणी जास्त धरल्याची चूक आणि कॅनची ताकद जास्त धरल्याची चूक, दोन्ही उलट्या दिशांच्या होत्या आणि एकमेकींना सावरून होत्या. म्हणून तो तक्ता इतकी वर्षे निभावला. कॅन जुना झाल्यावरही तेच लिटर १.१ पीपीएम तरी देत असे.

जावयांनी त्यातली एकच चूक काढली. ७३० मिलिलिटर, ५ टक्क्यांचा कॅन, म्हणजे साडेछत्तीस ग्रॅम, म्हणजे ०.८ पीपीएम. ज्या दोन महिन्यांत ऊन सर्वांत कडक, पाणी सर्वांत कोमट आणि पोहणारे सर्वांत जास्त, त्याच काळात तलावाला पूर्वीपेक्षा कमी क्लोरीन मिळू लागले. जावयांचे पाणी मोजणे चुकले असे म्हणता येणार नाही. त्यांनी कॅनवरचा छापील आकडा खरा मानला, आणि तो आपण सगळेच मानतो.

काकांना याचाही अंदाज होता. "साहेब, ह्या कॅनला जोर नाही राहिला," ते मला म्हणाले. "नवीन कॅनचं झाकण उघडलं की नाकाला झोंबतं, ह्याचं काही वाटत नाही." दोनदा सांगून पाहिले, मग सांगायचे सोडून दिले. नाक हे काही मोजमाप नव्हे. पण ते कुठे मोजायला हवे, हे त्या घरात इतर कोणाच्याही आधी त्यांच्या नाकाला कळले होते.

दुपारपर्यंत संपणारे क्लोरीन

आता शुक्रवार-शनिवारच्या त्या झपाट्याबद्दल. मोकळे क्लोरीन उन्हात फार टिकत नाही. पाण्यात सायन्युरिक आम्ल नसेल तर कडक उन्हात तासा-दोन तासांत त्यातला मोठा भाग जातो. हे आम्ल क्लोरीनला सैलसर धरून ठेवते आणि उन्हापासून वाचवते. तलावात डब्यातून तरंगत सोडतात त्या ट्रायक्लोर गोळ्यांमध्ये ते असतेच, आणि या घरात गेल्या पावसाळ्यापूर्वी त्या गोळ्या कधीकधी वापरत. म्हणून मालकीणबाईंना वाटत होते की आम्ल भरपूर असेल. चाचणीचे औषध मिसळले की आम्लामुळे नमुना गढूळ होतो; नळीच्या तळाशी काळा ठिपका असतो, गढूळपणामुळे तो दिसेनासा होईपर्यंत नमुना ओतत जायचे, अशी त्याची चाचणी. नळी तोंडापर्यंत भरली तरी ठिपका स्पष्ट दिसत होता. म्हणजे आम्ल नगण्य.

गेले कुठे? अलिबागच्या बाजूला वर्षाला दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. या तलावाची सरासरी खोली १.१ मीटर आहे. म्हणजे एका पावसाळ्यात तलावाच्या डोक्यावर पडणारे पाणीच तलावाच्या दुप्पट भरते, आणि तेवढेच काठावरून वाहून जाते. सगळे पाणी एकसारखे मिसळत नाही हे धरले तरी त्याबरोबर आम्लही धुऊन जाते. कोरड्या मुलखातल्या तलावांत ट्रायक्लोर वापरून आम्ल साचत जाते आणि ती तिथली डोकेदुखी असते. कोकणात दुखणे नेमके उलटे आहे, आणि बाहेरच्या हवामानासाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू करण्यात अर्थ नाही.

त्यात काका क्लोरीन टाकत सकाळी आठला, झाडलोट झाली की. दुपारी बारापर्यंत त्यातले फारसे काही उरत नसे, आणि पुढचे वीस तास शेवाळाला मोकळे रान.

आता काय चालते

३० पीपीएम सायन्युरिक आम्लासाठी १.३ किलो लागले. पावडर जुन्या मोज्यात भरून पाणी आत येते त्या तोंडासमोर टांगली. ती विरघळायला वेळ लागतो, घाई करून चालत नाही. क्लोरीन टाकायची वेळ सूर्यास्तानंतरची झाली. पंप चालू असताना, आत येणाऱ्या पाण्याजवळ, हळूहळू ओतायचे.

रोजचा ठरलेला मिलिलिटरचा आकडा काढून टाकला. त्याऐवजी दारावर एवढेच आहे : १ पीपीएम वाढवायला ४४ ग्रॅम क्लोरीन. कॅन १० टक्के असेल तर ४४० मिलिलिटर, ८ टक्के असेल तर ५५०, ६ टक्के असेल तर ७३०. संध्याकाळी मोजायचे आणि ४ पीपीएमपर्यंत न्यायचे. समजा संध्याकाळी १.५ भरले आणि कॅन ८ टक्क्यांचा आहे, तर अडीच गुणिले ५५०, म्हणजे १,३७५ मिलिलिटर. काकांना हे गणित मला समजावून सांगावे लागले नाही. विहिरीच्या पाण्याचा अंदाज घेऊन पावडर काढणाऱ्या माणसाला यात नवे काही नव्हते.

कॅन आता महिन्याला एकच येतो आणि जांभ्याच्या भिंतीच्या सावलीत, विहिरीच्या बाजूला ठेवला जातो. आल्या दिवशी त्याच्यावर मार्करने तारीख आणि बादलीच्या चाचणीचा आकडा लिहिला जातो, महिन्याच्या मध्यावर पुन्हा एकदा. अर्धे पाणी मिसळून ठेवले तर तो जास्त टिकतो, हे मी मालकीणबाईंना सांगितले आणि तरी करू नका म्हटले. एकाच रंगाचे दोन कॅन, एकात पूर्ण आणि एकात निम्मे, ही नव्या गोंधळाची तयारी आहे.

एक गोष्ट मात्र मी त्याच दिवशी माझ्यासमोर हलवून घेतली. पीएच उतरवायचे हायड्रोक्लोरिक आम्ल त्याच खोलीत, क्लोरीनच्या कॅनला चिकटून ठेवले होते, आणि दोन्हींसाठी मापाचा जग एकच होता. या दोघांची गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो. ट्रायक्लोर गोळ्यांवर द्रव क्लोरीन ओतणेही तितकेच वाईट, त्यातून स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतात. आता आम्ल वेगळ्या जागी आहे, जग दोन आहेत, एकावर लाल पट्टी आहे. हातमोजे आणि चष्मा काकांना आवडत नाहीत. हातमोजे ते घालतात, चष्म्याबद्दल वाद चालू आहे.

पीएच ७.८ भरला होता, तो ७.४ च्या आसपास ठेवायला सांगितले. ७.५ ला मोकळ्या क्लोरीनपैकी निम्मे जंतू मारणाऱ्या रूपात असते, ८ ला चौथाईही नसते. त्याला फार महत्त्व देत नाही, कारण सायन्युरिक आम्ल घातल्यावर आणि ग्रॅम बरोबर पडू लागल्यावर या तलावाने पुढे त्रास दिला नाही. मेच्या उरलेल्या दिवसांत दिवसाला दीड ते अडीच पीपीएम जात होते. सूर्यास्तानंतर आणि पहाटे मोजले तर रात्रीतली घट अर्ध्या पीपीएमच्या आत असे. रात्री ऊन नसते, तेव्हा जे जाते ते शेवाळ आणि घाण खाते. घट १ पीपीएमच्या वर गेली तर कुठेतरी शेवाळ धरू लागले आहे असे समजायचे, पाणी कितीही निळे दिसो.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर काकांनी पुन्हा ठिपक्याची चाचणी केली. नळी तोंडापर्यंत भरली तरी ठिपका दिसला, आणि १.३ किलो आम्लाची पिशवी पुन्हा मागवावी लागली.